धंदा काय करता? हे सरळ मराठीत कसं सांगायचं

भोसरी एमआयडीसीत एकदा गाडीवरून नुसता चक्कर मारा आणि पाट्या वाचत जा. अमुक एंटरप्रायझेस, तमुक इंडस्ट्रीज, मधेच एखादं टेक्नो सोल्युशन्स प्रायव्हेट लिमिटेड. आत भट्टी आहे का लेथ आहे का नुसतं गोडाऊन आहे, पाटीवरून काही म्हणजे काही कळत नाही. आणि त्याच रस्त्याला चहाच्या टपरीला लागून एक पत्रा लटकवलेला असतो, "येथे जेसीबी, पोकलेनचे हायड्रॉलिक होज पाईप बनवून मिळतील". हाताने रंगवलेला, एखादी वेलांटी चुकलेली, पण ज्याच्या पोकलेनचा पाईप फुटलाय तो बरोबर तिथेच येऊन उभा राहतो, कोणाला विचारावं पण लागत नाही त्याला.

मी छोट्या धंदेवाल्यांना कंपनी प्रोफाइल, बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट, वेबसाईटचा मजकूर वगैरे लिहून देतो. मालक लोक कामात वाघ असतात, मशीनच्या आवाजावरून सांगतील बेअरिंग गेलंय म्हणून, पण "तुम्ही नक्की करता काय?" असं विचारलं की एकदम सूर बदलतो, "वी आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर अँड सप्लायर..." अहो पण कशाचे? मग खाली अडीच पानं येतात आणि त्यात क्वालिटी हा शब्द अकरा वेळा, आणि जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर शेवटच्या पानावर मशीनरी लिस्टमध्ये लपलेलं. तर हे कसं टाळायचं आणि आपला धंदा चार लोकांना कळेल असा कसा सांगायचा, ते मला जसं जमतं तसं इथे लिहितोय. वेळ जास्त नाही लागत, एक संध्याकाळ पुरते.

आधी कागदावर लिहायची चार उत्तरं

पहिलं, तुमच्याकडे काय येतं. दुसरं, तुमच्याकडून काय बाहेर जातं. तिसरं, मधे तुम्ही त्याचं काय करता. आणि चौथं, पैसे कोण देतं आणि कशावर मोजून देतं, म्हणजे किलोवर, नगावर, तासावर, महिन्याला, कमिशनवर, जे असेल ते. एवढंच. यात कंपनीची स्थापना कधी झाली, वडिलांनी किती कष्टातून उभी केली, आमचं व्हिजन काय, हे काही नाही. ते सगळं नंतर, आणि खरं सांगू का, समोरच्याने विचारलं तरच.

बोहारीण आठवते का? "जुन्या कपड्यांवर भांडीऽऽ" एवढीच आरोळी. तिच्याकडे काय येतं, जुने कपडे. काय जातं, स्टीलची भांडी. कोणासाठी, कपाट साड्यांनी भरलंय आणि घरात एक पातेलं हवंय अशा बाईसाठी. किंमत कशात, तर कपड्यात, त्यावर घासाघीस करायची. अख्खा धंदा तीन शब्दांत आणि तो पण तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाईल असा. आमच्या भागात कल्हईवाला यायचा त्याचं पण तसंच. या लोकांना कोणी पिच डेक (गुंतवणूकदारांना धंदा समजावायच्या स्लाईड) शिकवला नव्हता, पण आरोळी कळली नाही तर त्या दिवशी भाकरी नाही म्हटल्यावर फालतू शब्द आपोआप गळून जातात.

तर या चार उत्तरांचं पहिलं वाक्य बनवताना मी नेहमी जुन्या पाटीचा साचा वापरतो, "आमच्याकडे ___ करून मिळतं". गाळलेल्या जागेत क्रियापद येतं, त्यामुळे तुम्हाला काम सांगावंच लागतं. "सोल्युशन्स करून मिळतात" असं लिहून बघा, स्वतःलाच हसू येईल. "साडीला पिको, फॉल करून मिळेल", "हळद दळून मिळेल", "पितळी भांड्यांना कल्हई करून मिळेल", "जीएसटी रिटर्न भरून मिळेल". साच्यात बसत नसेल तर समजायचं की आपल्यालाच अजून नीट माहीत नाही काय विकतोय ते.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत हवी हे आता सगळ्यांना माहितीये, २०२२ मध्ये कायद्यात बदल करून दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानं पण त्यात आणली, मराठी अक्षरं बाकीच्या लिपीपेक्षा लहान नकोत असं पण आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा पाट्या रंगवणाऱ्यांना आणि फ्लेक्सवाल्यांना दिवाळीच झाली. पण झालं काय, लोकांनी इंग्रजी नाव तसंच्या तसं देवनागरीत उतरवलं. "ग्लोबल इंटिग्रेटेड सर्व्हिसेस" हे देवनागरीत लिहून कायदा पाळला गेला, गिऱ्हाइकाला काय कळलं? काहीच नाही. नाव बदला असं मी म्हणत नाही, नाव राहू दे, जीएसटीवर आहे, बँकेत आहे, देवाच्या नावाने आहे. नावाच्या खाली एक ओळ घाला फक्त. "गाड्यांच्या काचा बदलून मिळतील." संपलं. या बाबतीत सेतू केंद्राची, झेरॉक्सवाल्याची पाटी मला फार आवडते, सातबारा, आठ अ, पॅन कार्ड, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सगळं सरळ लिहिलेलं, डिझाईनच्या नावाने बोंब असते पण माणूस बाहेर उभा राहूनच ठरवतो आत जायचं का नाही.

माल कोणाचा, हे सांगायला विसरू नका

हे मी वेगळं लिहितोय कारण जॉबवर्क करणारे, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करून देणारे, जवळजवळ सगळे इथे अडकतात.

इचलकरंजीचं उदाहरण घ्या. तिथे पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि आज अख्खं गाव त्यावर उभं आहे. आता दोन माणसं बघा, दोघांकडे सारखेच माग, दोघेही म्हणतात "आमचा कापडाचा धंदा आहे". पहिला स्वतः सूत विकत घेतो, विणतो आणि कापड विकतो. दुसरा खर्चीवाला, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, हा फक्त विणून देतो आणि मजुरी घेतो, ती पण पिकावर (पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे). समजा कापडाला ५२ पिकं आणि पिकाला १० पैसे मजुरी धरली (हिशोबापुरता आकडा हां, आजचा भाव नाही) तर मीटरला ५ रुपये २० पैसे. पहिल्याच्या बिलात सुताची किंमत पण असते, त्यामुळे त्याची उलाढाल दुसऱ्याच्या कितीतरी पट दिसणार, माग तेवढेच, कामगार तेवढेच, धडधड तेवढीच.

आता दुसरा माणूस बँकेत गेला आणि नुसतं "टेक्स्टाईल मॅन्युफॅक्चरिंग" म्हणाला तर मॅनेजर काय बघणार, एवढे माग आणि उलाढाल एवढीशी, म्हणजे माग बंद असतात का हा बिलं लपवतो. दोन्ही खोटं. त्याने पहिल्या वाक्यातच "सूत व्यापाऱ्याचं असतं, आम्ही विणायची मजुरी घेतो" सांगितलं असतं तर पुढचे वीस प्रश्न वाचले असते. आणि त्याची पैशाची गरज पण वेगळी असते ना, पहिल्याला सुतात पैसा अडकतो, दुसऱ्याला लाईट बिल, पगार आणि मजुरी येईपर्यंतचे दिवस काढायचे असतात.

जीएसटीत पण हा फरक आहेच, जॉबवर्कला आलेला माल चलनावर येतो आणि साधारणपणे वर्षाच्या आत मूळ मालकाकडे परत जावा लागतो. म्हणजे सरकारला सुद्धा माल कोणाचा हे कळायला हवं असतं, मग गिऱ्हाइकाला आणि बँकेला का नको. कोल्ड स्टोरेजवाल्यांचं असंच, तासगावकडे बेदाणा ठेवणारी जी स्टोरेज आहेत तिथे आत कोट्यवधीचा माल असतो पण तो शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा, स्टोरेजवाल्याचं फक्त भाडं. "आमचा बेदाण्याचा धंदा" म्हणालात तर समोरचा भाव विचारत बसेल.

एकच धंदा, तीन माणसं

आता जरा लांबण लावतो, कारण सोपं सांगा सोपं सांगा सगळेच म्हणतात पण कोणासाठी सोपं ते कोणी सांगत नाही.

हीट ट्रीटमेंटचा धंदा घेऊ, चाकण भोसरी पट्ट्यात भरपूर आहेत. काम काय, तर गिअर, शाफ्ट, पिन असले लोखंडी पार्ट दुसऱ्याच्या कारखान्यात कापून घासून तयार होतात, ते यांच्याकडे येतात, भट्टीत साधारण ९०० ते ९५० डिग्रीला कार्बनच्या वातावरणात तासनतास ठेवतात, कार्बन वरच्या थरात शिरतो, मग तेलात बुडवून झटकन थंड करतात, आणि नंतर परत कमी तापमानाला थोडं गरम करतात म्हणजे ठिसूळपणा उतरतो. पार्ट दिसायला तोच, थोडा काळपट. वजन तेवढंच, आकार जवळपास तोच. म्हणून तर समजावणं अवघड, कारण बाहेरून काही बदललंच नाही असं वाटतं.

गावाकडच्या काकांना सांगायचंय. "काका, लोहार कोयत्याला पाणी पाजतो ना, धारेला कडकपणा यावा म्हणून, तेच काम आम्ही गाडीच्या गिअरला करतो, फक्त पाण्याऐवजी तेल आणि एका वेळी शेकड्याने." काकांना कळलं. एवढंच नाही, काका तुम्हाला उलट विचारतील की जास्त पाणी पाजलं तर कोयता तुटतो, तसं तुमच्याकडे होतं का, आणि हा प्रश्न खरंच मुद्द्याचा आहे.

बँकेतल्या साहेबांना सांगायचंय. साहेब बरेचदा बदलीवर आलेले, कधी परराज्यातले, काल ते पीककर्ज बघत होते आणि आज तुमची फाईल. त्यांना कार्बनचं काही पडलेलं नाही. त्यांना सांगायचं, "गाड्यांचे पार्ट बनवणारे कारखाने त्यांचा माल आमच्याकडे पाठवतात, आम्ही तो भट्टीतून काढून कडक करून देतो, किलोवर पैसे घेतो. माल त्यांचाच असतो. आमचा मोठा खर्च वीज किंवा गॅस, कारण भट्टी रोज बंद करून चालत नाही. काम दोन तीन दिवसांत परत जातं पण पेमेंट दीड दोन महिन्यांनी येतं, म्हणून खेळतं भांडवल हवंय." बघा यात कुठेही "प्रोसेस एक्सलन्स" नाही, पण पैसा कुठून निघतो, कुठे अडकतो आणि कधी परत येतो हे सगळं आलं. कर्जाच्या फाईलला हेच लागतं. मेटॅलर्जीचा फोटोसहित धडा जोडलात तरी साहेब तो उलटून पुढे जाणार.

आणि तिसरा माणूस, कंपनीचा परचेसवाला किंवा क्वालिटीवाला. त्याला कोयता आणि लोहार सांगू नका, तो तुम्हाला हौशी समजेल. त्याच्यासाठी सोपं म्हणजे नेमकं. "केस कार्बुरायझिंग, केस डेप्थ ०.८ ते १.२ मिलिमीटर, हार्डनेस ५८ ते ६२ एचआरसी, भट्टीचा साईज इतका, एका बॅचला इतके किलो, रिपोर्ट मालाबरोबर." त्याला ही एक ओळ अख्ख्या ब्रोशरपेक्षा सोपी आहे, दहा सेकंदात त्याला कळतं आपला पार्ट तुमच्या भट्टीत मावतो का नाही. बरेच जण सोपी भाषा म्हणजे बाळबोध भाषा समजतात आणि जाणकार माणसासमोर पण उगाच गोड गोड बोलत बसतात. तांत्रिक शब्द वाईट नसतो, ज्याला तो रोज लागतो त्याच्यासाठी तोच सरळ असतो. चुकीच्या माणसापुढे टाकला की घोळ.

म्हणून एकच मजकूर सगळीकडे चिकटवू नका. काकांचं वाक्य पाटीवर आणि सोशल मीडियावर, साहेबांचं प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या परिच्छेदात, परचेसवाल्याचं ईमेलच्या पहिल्या ओळीत.

जे दिसतच नाही ते काम कसं सांगायचं

भट्टी निदान दाखवता तरी येते. सॉफ्टवेअर, कन्सल्टिंग, एजन्सी असली कामं दाखवणार काय? हिंजवडीतला पोरगा घरी सांगतो "आमचं क्लाऊड बेस्ड सास प्लॅटफॉर्म आहे प्रॉपटेकमध्ये", आई शेजारणीला सांगते "कॉम्प्युटरमध्ये आहे". आईचं काही चुकलं नाही, तिला जेवढं मिळालं तेवढंच तिने पुढे दिलं.

इथे मी एकच प्रश्न विचारतो, तुमच्या आधी हे काम कोण करत होतं आणि कसं? त्या पोराने सांगितलं की हाऊसिंग सोसायटीचा सेक्रेटरी रविवारी सकाळी पावती पुस्तक घेऊन बसायचा, मेंटेनन्स कोणी भरला कोणी नाही ते वहीत लिहायचा, थकबाकीदारांना जिन्यात गाठायचा आणि वर्षाच्या शेवटी ऑडिटरपुढे वही घेऊन घाम पुसायचा. मग लिहा की तसंच! "सोसायटीचा मेंटेनन्स गोळा करणं, पावत्या देणं आणि थकबाकीची यादी ठेवणं, हे सेक्रेटरीचं काम आमच्या ॲपवर होतं. फ्लॅटमागे महिन्याला इतके रुपये." आता हे कोणत्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवा, सेक्रेटरी स्वतःच पुढे येईल.

सगळ्या नव्या धंद्यांना हे लागू पडतं, कारण गरज बहुतेक वेळा जुनीच असते, करणारा माणूस नवीन असतो. आणि आधी हे काम कोणीच करत नव्हतं असं उत्तर आलं तर जरा थांबून विचार करा, म्हणजे गिऱ्हाईक तरी आहे का नक्की.

शब्द कुठून आणायचे

स्वतःच्या डोक्यातून नाही. फोन काढा आणि व्हॉट्सॲपवर गेल्या महिन्याभरात आलेल्या चौकश्या वाचा. लोक काय शब्द वापरतात बघा. तुम्ही "कस्टमाइज्ड एथनिक वेअर" लिहिता आणि बाई विचारते "नऊवारी शिवून मिळेल का, ब्राह्मणी का पेशवाई, शिलाई किती". तिचे शब्द उचला जसेच्या तसे, कारण गुगलवर पण ती हेच टाईप करणार आहे. तिच्या प्रश्नांचा क्रम पण बघा, आधी मिळेल का, मग कुठला प्रकार, मग किती पैसे, मग कधी. मजकूर त्याच क्रमाने लिहायचा, आपल्या कंपनीच्या इतिहासाच्या क्रमाने नाही.

लिहायला जमत नसेल तर लिहू नका, बोला. घरातल्या कोणाला तरी समोर बसवा, शक्यतो ज्याला तुमच्या धंद्यात अजिबात रस नाही असा, भाचा चालेल, मेव्हणा तर उत्तम, आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू करून दोन मिनिटं सांगा. त्याला सांगून ठेवायचं की नाही कळलं तिथे थांबव. जिथे तो "म्हणजे?" म्हणेल, त्याच्या नंतर तुम्ही जे बोलता ते सोनं असतं. माणूस पहिल्यांदा ब्रोशर बोलतो आणि "म्हणजे?" विचारल्यावर खरं बोलतो. रेकॉर्डिंग ऐका, "म्हणजे?" च्या आधीचं सगळं काढून टाका, नंतरचं उतरवून घ्या. मी पैसे घेऊन हेच करतो, आता फुकटात सांगितलं.

मग उतरवलेलं वाचताना लाल पेन घ्या. दर्जेदार, सर्वोत्तम, विश्वसनीय, वन स्टॉप, एंड टू एंड, ग्राहकांच्या सेवेस तत्पर, अल्पावधीत नावारूपाला आलेले, हे सगळं खोडा. खोटं आहे म्हणून नाही, शेजारचा पण हेच लिहितो म्हणून. कोणीच स्वतःला बेभरवशाचा म्हणत नाही. त्याच्या जागी आकडा किंवा तपशील टाका. "वेळेत डिलिव्हरी" खोडून "सकाळी ११ च्या आत माल आला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत". "उत्तम चव" खोडून "पुरण पाट्यावर वाटलेलं, पोळी तुपावर भाजलेली". "अनुभवी" खोडून किती वर्षं आणि कोणाचं काम. आकडा देताना मात्र खरा द्या बाबांनो, ११ म्हणजे ११, गिऱ्हाईक पावणेअकराला दारात उभं असतं.

आणि काय करत नाही तेही लिहा. याला लोक फार घाबरतात, वाटतं गिऱ्हाईक जाईल. जाऊ दे की, ते तसंही आपलं नव्हतं, फोनवर वीस मिनिटं खाऊन मग जाणार होतं. दिवाळीत घरचा फराळ अमेरिका, दुबईला पाठवणाऱ्या ताई असतात ना, त्यांनी जर लिहून ठेवलं की चकली, चिवडा, शंकरपाळे, बेसन लाडू पाठवतो, पातळ किंवा ओलं काही पाठवत नाही, इतक्या किलोच्या खाली ऑर्डर घेत नाही, कुरिअरचे पैसे वेगळे, तर अर्धे फोन वाचतात आणि उरलेले अर्धे थेट ऑर्डरचेच असतात. एक दोन ओळी पुरेत, नकारांची यादी मात्र करू नका, नाहीतर पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या दारासारखं वाटायला लागतं.

दोन तीन धंदे असतील तर? विमा पण, म्युच्युअल फंड पण, आणि जोडीला प्लॉट पण. अशा माणसाला माझं सांगणं एवढंच की एका माणसाला एका वेळी एकच सांगा, समोरच्याने नुकती गाडी घेतली असेल तर त्याला गाडीचा विमा. सगळे एकदम सांगितले की समोरचा लक्षात ठेवतो फक्त "हा काहीतरी विकतो", आणि पुढच्या लग्नात लांबूनच हात करतो.

कुठे किती लिहायचं

पाटी आणि कार्डावर एक ओळ. कार्डाची मागची बाजू बहुतेकांची कोरी असते किंवा तिथे गणपती असतो, गणपती पुढे घ्या आणि मागे काम लिहा.

बिझनेस ग्रुपच्या सकाळच्या मीटिंगा असतात तिथे साधारण मिनिटभर मिळतं. त्यात पहिल्या दहा सेकंदात "आमच्याकडे ___ करून मिळतं", मग एका गिऱ्हाइकाची गोष्ट (नाव न घेता), काय अडचण होती, आपण काय केलं, आणि शेवटी मला कोणाची ओळख हवीये. घोषवाक्य, शेर, चारोळी नको. करतात लोक. टाळ्या पडतात, काम येत नाही.

गुगलवरच्या बिझनेस प्रोफाइलला वर्णनासाठी ७५० अक्षरांची जागा असते, ती पुष्कळ झाली, पण लोक सगळं वाचत नाहीत म्हणून पहिली दोन वाक्यं महत्त्वाची. तिथे नावात कामाचे शब्द कोंबू नका, "साई ऑटो बेस्ट कार रिपेअर पुणे स्वस्त" असलं नाव गुगलच्या नियमात बसत नाही, प्रोफाइल बंद पडू शकतं. कामासाठी कॅटेगरी दिलेली असते, मुख्य एक आणि जोडीला आणखी नऊपर्यंत घेता येतात, ती नीट निवडा. वर्णन मराठीतच लिहा किंवा गिऱ्हाईक ज्या भाषेत फोन करतं त्या भाषेत.

आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्यांची केंद्र सरकारकडची नोंदणी. हे कोणी मजकूर म्हणून बघतच नाही पण सरकारच्या आणि बँकेच्या दृष्टीने तुमच्या धंद्याची ओळख तीच. तिथे मॅन्युफॅक्चरिंग, सर्व्हिस का ट्रेडिंग ते विचारतात आणि पाच आकडी एनआयसी कोड (धंद्याचा प्रकार सांगणारा सरकारी नंबर) निवडायचा असतो, उदाहरणार्थ धातूचं मशीनिंग, ट्रीटमेंट, कोटिंग हे २५९२० मध्ये येतं. होतं काय, फॉर्म भरून देणारा पोरगा घाईत जो कोड पहिला दिसेल तो टाकतो, आणि कारखानदार माणूस कागदावर ट्रेडर होऊन बसतो. ट्रेडरला उद्यमचा फायदा फक्त प्रायॉरिटी सेक्टर (बँकांनी प्राधान्याने द्यायच्या) कर्जापुरता मिळतो, मोठ्या कंपनीकडून ४५ दिवसांत पैसे मिळवायचा जो कायदा आहे त्याचा आधार मिळत नाही. म्हणून आजच सर्टिफिकेट काढून बघा त्यावर काय लिहिलंय, चुकलं असेल तर पोर्टलवर दुरुस्ती करता येते.

जमलंय का नाही ते कसं बघायचं

ज्याला सांगितलं त्याला लगेच "कळलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात, आपल्याकडे नाही म्हणणं वाईट दिसतं. दोन दिवस जाऊ द्या आणि मग त्यालाच म्हणा, माझा धंदा काय आहे ते अमक्याला जरा सांग ना. तो जे सांगेल तेच खरं तुमचं मार्केटिंग, कारण छोट्या धंद्याला बरंचसं काम तोंडी ओळखीतून येतं आणि तिथे तुम्ही नसता, तोच असतो. त्याने सांगताना जे शब्द गाळले ते तुमच्या वाक्यातून पण काढून टाका, राहिले ते ठेवा. बहुतेक वेळा त्याचं वाक्य तुमच्यापेक्षा आखूड आणि बरं निघतं, तर सरळ तेच घ्या, लाजू नका.

शेवटचं काम ऑफिसात. तुमच्याकडे फोन कोण उचलतं? कधी अकाउंटंट मॅडम, कधी सुपरवायझर, संध्याकाळी सातनंतर गेटवरचा वॉचमन. नवीन माणसाने फोन करून विचारलं "तुमच्याकडे काय काम होतं हो?" तर हे तिघं काय सांगतात ते एकदा दुसऱ्या नंबरवरून फोन लावून ऐका. "साहेब बाहेर गेलेत, नंतर करा" असं ऐकू आलं तर ती एक ओळ मोठ्या अक्षरात प्रिंट करून फोनच्या वर भिंतीला चिकटवा, खाली भाव कशावर धरतो ते आणि तुमचा मोबाईल नंबर, आणि वॉचमनला एकदा मोठ्याने वाचून दाखवायला लावा.